रुसव्यातली गाडी

लाजण्याच्या कामात आमच्या साडूभाऊंचा हात धरील असा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात मिळायचा नाही. नव्या नवऱ्याही लाजतात, पण त्या चार दिवस. पाचव्या दिवशी त्याच नवऱ्या विहिरीवर उभ्या राहून सासूचा उद्धार करताना दिसतात. साडूभाऊंची लाज पक्क्या रंगाची होती, धुण्याधुण्यातून फिकी पडणारी नव्हती. पन्नाशी जवळ आली, मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या, थोरल्या मुलीला बघायला पाहुणे येऊ लागले, तरी हा गृहस्थ हॉटेलात बसला की दुसऱ्यांदा चटणी मागायची म्हणून कोरडीच भाकर खाऊन उठायचा. माझी बायको धाकटी, त्यांची थोरली. म्हणजे एकाच सासऱ्याचे आम्ही दोन जावई. मी नवीन जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत कारकून, ते हसनाबादजवळच्या वस्तीवर राहून शेती करणारे. नात्याने मी लहान, पण लाजून लाजून त्यांनी मला मोठं करून ठेवलं होतं.

एसटीत बसले की 'फाट्यावर थांबवा' हे कंडक्टरला सांगायची त्यांना लाज वाटे. कुणीतरी दुसरं उतरणारं असलं तर ठीक, नाहीतर साडूभाऊ सरळ भोकरदनला जात आणि तिथून चालत परत येत. मी एकदा त्यावरून खूप बोललो, तर म्हणाले, "गाडी गच्च भरेल आस्ती साडूभाऊ. आपल्या एकट्यापायी समद्यांचा खोळंबा कशाला?" आमच्या घरी आले तर कडी वाजवत नसत. बाहेर पायरीवर बसून हलकेच खाकरत. पंखा चालू असला तर ते खाकरणं आत पोचत नसे. एके दुपारी माझी बायको वाळवण उचलायला बाहेर आली तर दाजी पायरीवर बसून पेंगताहेत. तिने कपाळावर हात मारून घेतला. दाजी दचकून उठले आणि म्हणाले, "तुमचे जेवणं चालू आसतील म्हणून थांबल्तो." मोंढ्यात तर त्यांच्या लाजेने एकदा चमत्कारच केला. अडत्याने कापसाचा भाव इतका पाडून सांगितला की साडूभाऊंना त्या अडत्याचीच लाज वाटली आणि ते मान खाली घालून गप्प बसले. अडत्याला वाटलं, गडी मुरलेला आहे. त्याने आपणहून भाव वाढवला. साडूभाऊ आणखी लाजले. त्याने आणखी वाढवला. गावात परत आल्यावर लोक विचारायला लागले की भाव कसा काढला, तर यांना तेही सांगायची लाज.

आणि पंगतीत जिलेबी वाढली की ते ती कुणाचं लक्ष नाही असं बघून शेजारच्या ताटात सरकवायचे. मी शेजारी बसायची संधी सहसा सोडत नसे. गोड आवडत नसेल, एवढंच मला वाटायचं.

त्यांची सायकल हा एक वेगळाच विषय. काळी, उंच, जुन्या बांध्याची, मागे भक्कम कॅरिअर. त्या कॅरिअरवर गवताचा भारा येई, शेळीचं पिल्लू येई, दळण येई आणि सणासुदीला आमची ताई, म्हणजे माझी थोरली मेव्हणी, येई. गावात पोरासोरांच्या हातात मोटारसायकली आल्या, कापूस बरा झाला की एकेका गल्लीत दोन-दोन नव्या गाड्या उभ्या राहू लागल्या, तरी साडूभाऊ आपले रस्त्याच्या कडेने पायडल मारत चाललेले. सायकल त्यांनी कधी भिंतीला धाडकन टेकवली नाही. उतरले की आधी खांद्यावरच्या गमछाने सीट पुसायची, मग स्वतःचं तोंड. दुसऱ्या कुणाला ती चालवायला देत नसत. बाकी त्यांच्याकडे कुणी बैलजोडी मागितली तरी 'नाही' म्हणायची लाज. सायकल मागितली की मात्र हवा कमी आहे म्हणायचे आणि स्वतः तिच्यावर बसून निघून जायचे.

पुढे ताईचे गुडघे धरले. वस्तीपासून फाटा लांब, मधे नाल्याची चढण. डॉक्टर जालन्याला, महिन्या-पंधरा दिवसांनी दाखवायला यायचं, आणि सायकलच्या कॅरिअरवर तिला बसवेना. मी साडूभाऊंना म्हटलं, "आता गाडी घेऊन टाका. शेतीही बरी चाललीय. उगाच कशाला हाल?" ते म्हणाले, "बराबर हाय." पुढच्या भेटीत पुन्हा म्हटलं. "बिलकुल बराबर हाय," म्हणाले. असं 'बराबर' करत दोन हंगाम गेले. कधी पेट्रोलचा खर्च आडवा यायचा, कधी आपलं वय. एकदा म्हणाले की या वयात पडलो तर लोक हसतील. मी म्हटलं, पडू नका. तर म्हणाले, न्हाई पडलो तरी हसतील. शेवटी मी त्यांना धरून स्टेशन रस्त्यावरच्या शोरूममध्ये नेलं. तिथे त्यांनी चपला बाहेर काढल्या. काचेच्या दारातून आत जाऊन गाड्यांपुढे असे हात जोडून उभे राहिले, की विकणाऱ्या मुलाला वाटलं, काही वर्गणी मागायला आले. त्याने बिचाऱ्याने शंभर सीसीची एक लाल गाडी दाखवली, अॅव्हरेज सांगितला, सीट थोपटून दाखवली. साडूभाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "त्याला इचारा, आवाज न करणारी हाय का?"

मी विचारलं नाही, तेव्हा लाजत लाजत त्यांनीच विचारलं. मुलगा म्हणाला, "काका, आवाज न करणारी पाहिजे तर सायकलच बरी." पुढचा प्रश्न रंगाचा. उन्हात चमकणार नाही असा काही रंग आहे का? लांबून दिसणार नाही असा? मुलगा माझ्याकडे बघायला लागला. गाडी घेणारी माणसं ती चार माणसांना दिसावी म्हणून घेतात. हा माणूस चोरीचीच गाडी घेतल्यासारखा बोलत होता. मी संतापून घरी आलो आणि बायकोपुढे तिच्या दाजींची यथेच्छ नक्कल केली. मला वाटलं ती हसेल. ती हातातली भाजी निवडायची थांबली आणि म्हणाली, "तुम्हाला कुणी सांगितलंच न्हाई का?"

मग तिने सांगितलं. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत नवरदेवाने रुसायचं असतं. ताटात जिलेबी पडते, सगळे 'घ्या, घ्या' करतात, नवरदेव हात आखडून बसतो. सासऱ्याने पुढे येऊन विचारायचं, "काय पाहिजे जावईबापू?" त्याने मागायचं, सासऱ्याने द्यायचं, मग घास. खेळच असतो तो. काय मागायचं हे दोन्हीकडच्या जाणत्यांनी आधी ठरवलेलं असतं, घड्याळ नाहीतर रेडिओ. साडूभाऊंचं लग्न एक्क्याऐंशी-ब्याऐंशीच्या सुमारास झालं. त्यांच्यासाठी घड्याळ आणून ठेवलेलं होतं. पण नवरदेवाच्या दोन्ही बाजूंना चुलतभाऊ बसले होते आणि ते कुजबुजत होते, 'गाडी म्हण, गाडी.' आयुष्यात कुणाकडे पाण्याचा तांब्या मागितला नाही त्या माणसाने त्या एका दिवशी लाज सोडली आणि मोठ्याने म्हणाला, "गाडी."

वाढप्याचा हात परातीतच थांबला. हसण्यावारी नेता आलं असतं, पण आमचे सासरे सरळमार्गी गृहस्थ. त्यांचे आजे-पणजे मेंढ्यांमागे फिरलेले, यांनी थोडकी जमीन करून घर बांधलेलं. दारात आलेल्या माणसाने मागितलं आणि आपण हसलो, हे त्यांच्याने होईना. ते आत गेले. त्यांची स्वतःची सायकल होती, गावातली पहिली. ती बाहेर आणली, उपरण्याने सीट पुसली आणि मांडवाच्या खांबाला टेकवून म्हणाले, "सध्या ही घ्या जावईबापू. गाडी मागून देतो." त्या दिवसापासून सासरे सगळीकडे पायी फिरायला लागले.

"आन् दाजींनी जिलेबी खाल्ली," माझी बायको म्हणाली आणि पुन्हा भाजी निवडायला लागली.

सासऱ्यांना आम्ही दोघेही मामा म्हणायचो. त्यांचं घर जालना-भोकरदन सडकेला लागूनच, राजूरच्या अलीकडच्या गावात. ओट्यावर बसलं की जाणारी-येणारी प्रत्येक गाडी दिसते, आणि साडूभाऊंना जालन्याला यायचं तर दुसरी वाट नाही. आता मला एकेक गोष्ट आठवू लागली. दिवाळीला आम्ही दोघे जावई गेलो की मामा कधीतरी सुरुवात करायचे, "यंदा कापूस बरा झाला तर जावईबापू, आपलं ते राह्यलेलं..." आणि साडूभाऊ घाईघाईने पावसाचं काढायचे, नाहीतर मध्येच उठून बैल बघायला गोठ्यात जायचे. मामाही मग उपरण्याने तोंड पुसत बसायचे. एक देऊ न शकल्यामुळे मान वर करत नव्हता, दुसरा मागितल्यामुळे. मी त्या दोघांच्या मधे बसून इतकी वर्षं चकल्या खात आलो होतो आणि मला पत्ता नव्हता. आता साडूभाऊंनी आपल्या पैशाने गाडी घेऊन त्या ओट्यासमोरून फटफट करत जायचं म्हणजे म्हाताऱ्याला तोंडावर सांगायचं की, तुमच्याच्यानं झालं न्हाई, मीच घेतली. आवाज न करणारी गाडी ते का शोधत होते ते मला कळलं.

मी एकदा धीर करून विषय काढला. साडूभाऊ बांधावर बसले होते, मातीची ढेकळं फोडत. हातातल्या ढेकळाचा त्यांनी भुगा केला. मग म्हणाले, "ती जिलेबी आजून गिळली न्हाई साडूभाऊ. मामा पायी येऊन राह्यले लेकीला भेटायला, आन् मी त्येंच्याच सायकलीवर समोरून येऊन राह्यलो. किती डाव म्हनलं, परत न्या. तर म्हन्तात, गाडी देल्यावर नेईन." आत चुलीपाशी ताई ऐकत होती. ती तिथूनच म्हणाली, "माझ्या गुडघ्यात माझ्या बापाला आणू नका. तुम्हाला न्हाई घ्यायची तर न्हाई म्हणा." यावर साडूभाऊ लाजून पुन्हा ढेकळं फोडायला लागले.

निर्णय शेवटी नाल्याच्या चढणीवर झाला. डॉक्टरकडे यायला म्हणून दोघे निघाले होते, सायकल हातात धरून, पायी. अर्ध्या वाटेत ताई बाभळीखाली बसली ती तिला उठवेना. मागून शेजारच्या वस्तीवरचा एक जण मोटारसायकलवर आला. त्याने तिला आधार देऊन मागे बसवलं आणि फाट्यावर नेऊन सोडलं. साडूभाऊ मागून सायकल मारत आले, घामाघूम, आणि पोचेपर्यंत एसटी निघून गेली होती. ताई दगडावर एकटी बसलेली.  दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दाराची कडी वाजली. खाकरणं नाही, कडी. दारात साडूभाऊ. "चला," म्हणाले, "लाल न्हाई, काळीच घेऊ." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी दोन लाजा तागडीत घातल्या होत्या आणि एक जड निघाली होती.

शिकणं त्यांनी गावाबाहेर माझ्या कचेरीतल्या मित्राच्या गाडीवर, आपली गाडी हातात यायच्या आधीच उरकलं, तेही एका नांगरलेल्या रानात, का तर तिथे कुणी बघत नाही. नांगरटीत गाडी चालवायला शिकलेला हा जगातला एकमेव मनुष्य असावा. त्यामुळे डांबरी रस्ता त्यांना फारच गुळगुळीत वाटला आणि त्या गुळगुळीतपणाचाही त्यांना संकोच झाला. गाडी ताब्यात घेतली त्या दिवशी मी मागे बसलो होतो. हॉर्न वाजवायची त्यांना लाज, पुढे कुणी आलं की हे गाडी हळू करून पुढे वाकत आणि म्हणत, "जरा बाजूला व्हता का?" एका म्हशीलाही त्यांनी असंच विचारलं. शोरूमवाल्याने रीतीप्रमाणे नारळ दिला होता, तो त्यांनी फोडला नव्हता. हारही घालू दिला नव्हता. नारळ पिशवीत आणि पिशवी माझ्या मांडीवर.

मामांचं गाव आलं. वेशीजवळच्या लिंबाशी साडूभाऊंनी गाडी बंद केली, उतरले आणि हँडल धरून ढकलायला लागले. मीही उतरलो. ती कोरी करकरीत गाडी ढकलत आम्ही दोघे जावई सासऱ्याच्या दारात पोचलो. मामा ओट्यावर बसलेले. ऐंशीला टेकले असतील, नजर मात्र चांगली.

"काय जावईबापू, बंद पडली का?"

"न्हाई मामा. चालू हाय."

"मंग ढकलत का आणली?"

साडूभाऊ आपल्या पायांकडे बघत उभे राहिले. मामांनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा गाडीकडे पाहिलं. "कुणाची हाय?" त्यांनी विचारलं.

"आपलीच," साडूभाऊ म्हणाले. एवढं बोलायला त्यांना जितका वेळ लागला तेवढ्यात सडकेवरून दोन ट्रक गेले.

मामा म्हणाले, "घेतली म्हणा." मग दोघेही दोन दिशांना बघत राहिले. मला वाटलं, आता म्हातारा उठून आत जातो. पण मामांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि म्हणाले, "मंग माझी सायकल मोकळी झाली म्हणा."

साडूभाऊंना काय झालं कोण जाणे, माझ्या हातातली पिशवी त्यांनी ओढलीच. "मामा, नारळ फोडला न्हाई आजून. तुमच्या हातानं फोडायचा हाय. राजूरला चला."

"माझ्या हातानं? म्या काय दिलं त्याच्यात?"

"सायकल देल्ती," साडूभाऊ म्हणाले, आणि इतकं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं, "तिच्यावर माझा समदा संसार झाला. पोरीला शाळंत नेली, बाजार केला, तुमच्या लेकीला मागं बसवून शेतात नेली. हिच्यावर आजून काहीच झालं न्हाई."

मामा उठून आत गेले आणि ठेवणीतला फेटा बांधून बाहेर आले. साडूभाऊंनी गाडी चालू केली, दारातच, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी. मामा मागे बसले आणि दोन्ही हातांनी जावयाचे खांदे धरले. मी काळी-पिवळी जीप धरून मागून गेलो. राजूरला गणपतीसमोर मामांनी गाडीला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा चाकापाशी ठेवला. मामांच्या ओळखीचा एक गृहस्थ तिथे भेटला. त्याने गाडी कुणाची म्हणून विचारलं, तर साडूभाऊ पटकन म्हणाले, "मामांनी दिली." मामांनी त्याला थांबवलं. "खोटं बोलून राह्यला. माझ्याच्यानं झालं न्हाई. त्यानंच घेतली," असं ते भर देवळासमोर मान वर करून म्हणाले. मी त्यांना त्या विषयावर मान वर करून बोलताना पहिल्यांदा पाहिलं.

मग त्यांनी शेजारच्या दुकानातून जिलेबी आणली. कागदावर गरम, पाक गळणारी. एक उचलून साडूभाऊंपुढे धरली. "घ्या जावईबापू. लई वर्स रुसलात."

साडूभाऊंचा हात पुढे येईना. "मी रुसल्तो न्हाई मामा," ते म्हणाले. "मी लाजल्तो."

"मी बी," मामा म्हणाले.

साडूभाऊंनी ती जिलेबी खाल्ली. पाक मिशांना लागला, डोळ्यांतलं पाणी त्यात मिसळलं आणि ते पुसायचीही त्यांना लाज वाटली. कागदावरची माझ्या वाटची जिलेबी तशीच राहिली. त्या दिवशी मलाही ती मागवेना.

पुढे दोन-तीन वर्षांनी मामा गेले. ताईची दवाखान्याची फेरी त्या काळ्या गाडीवरून चालू राहिली. साडूभाऊ आता हॉर्नही वाजवतात, अर्थात वाजवून झाल्यावर ज्याच्यासाठी वाजवला त्याला हात जोडतात. सायकल त्यांनी आठवड्याच्या आत मामांना नेऊन दिली होती. मामांना ती चालवणं शक्य नव्हतं, पण ओट्यावर शेजारी उभी करून ते बसायचे. अजून ती तिथेच उभी आहे. घराला कुलूप असतं. साडूभाऊंच्या मागे बसून त्या सडकेने जायची वेळ मला अधूनमधून येते. वेशीतला लिंब आला की ते गाडी बंद करतात, उतरतात आणि ढकलत ओट्यापर्यंत नेतात. गमछाने सायकलची सीट पुसतात, चाकं दाबून बघतात, पिशवीतला पंप काढून हवा भरतात. मग गाव संपेपर्यंत पुन्हा ढकलत जातात आणि वळणापलीकडे गेल्यावरच किक मारतात. मी एकदा विचारलं होतं, आता कशाला? तर म्हणाले, "पेट्रोल वाचतं." त्यानंतर मी काही विचारत नाही. लिंब आला की मीही उतरतो आणि मागून गाडीला हात लावतो.